पोस्टात वाढलेली माळ

चोपडा,
१२ जानेवारी २०२५, रविवार

प्रतीक्षाताई,

नमस्कार. तू म्हणशील, यानं आज कागद कायले धरला. फोन बंद हाये म्हणून. बिघडला नाही, मीच सिमकार्ड काढून नदीत टाकलं. कोणती नदी ते आता आठवत नाही. पूल लंबा होता अन् मी ट्रकवर लादलेल्या पाळण्याच्या डब्यात बसलो होतो. पाळणा म्हणजे लेकराचा नाही, जत्रेतला आकाशपाळणा. सध्या मी त्याच्यासंगं फिरून राह्यलो. नट कसणं, बेअरिंगले ग्रीस लावणं, अन् वर गेल्यावर ज्याले रडू येते त्याले खालून हाका मारणं, ही आपली नोकरी.

सिम टाकायचं कारण मोठेबाबाले सांगू नको. आपल्या गावी, धाडच्या बाजारात कोणीतरी माहा नंबर वाटला. दिवस उजाडला की फोन सुरू. "भाऊ, तुमीच का काविळीवाले? कधी येता?" सिल्लोडहून, देऊळगावहून, कुठून कुठून. एका बाईनं तं व्हिडिओच लावला अन् नवऱ्याची पापणी बोटानं खाली ओढून म्हणे, पाहा. मी पाळण्याच्या टोकावर, हातात पाना. खाली जमीन गरगरली बाप्पा.

तुले माहीत हाये, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मलेच खरं वाटत नाही. नागपंचमीले मोठेबाबानं घरच्या सगळ्यांसमोर माह्या हातावर पाणी सोडलं अन् घराण्याचा हात मले दिला. आता त्यायचा हात रिकामा. काविळीची माळ मीच बांधायची, त्यायनं बांधली तं ती नुसती काड्यांची मोळी. खरं म्हणजे हात तुले पाहिजे होता, तू त्यायची एकुलती एक. पण पोरीले देत नाहीत, पोरगी तो घेऊन दुसऱ्या घरी जाते म्हणे. तू लग्नच केलं नाही, घर सोडून बुलढाण्याच्या पुढं गेली नाही, अन् हात घेऊन पळालो मी. पाहा आता.

मोठेबाबाले वाटलं असंल, हात दिला की हे पोट्टं घरी टिकंल. पैसा घ्यायचा नाही, आलेल्या माणसाचा चहा बी प्यायचा नाही, हे मले जमते. पण दारात आलेल्याले नाही म्हणायचं नाही, याच्यासाठी माणसाले दारात राहावं लागते. ते मले कुठं जमते.

त्यायले सांगजो, हरी खुशाल हाये. पुढचा मुक्काम रावेर. पत्रावर माहं नाव अन् 'रावेर पोस्ट ऑफिसात ठेवावे' असं लिही, मी जाऊन इचारतो. मायले म्हण, मफलर हरवलं नाही, दिलं एकाले.

तुहा,
हरिओम


बुलढाणा,
२१ जानेवारी

प्रिय हरी,

तुझं पत्र लॅबच्या पत्त्यावर आलं म्हणून बरं झालं. घरी आलं असतं तर बाबांनी आधी वाचलं असतं.

तुझ्या शेठना, प्रेमानंदना, मी फोन केला होता. "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. मागे तुमच्या पाळण्याचा भोंगा वाजत होता. पोरं पळतील या भीतीनं तो माणूस कुणालाच फोन देत नसणार. म्हणून आता मीही कागद धरला.

रविवारी धाडला गेले होते. अंगणात नेहमीसारखी माणसं. काकू, म्हणजे तुझी माय, सगळ्यांना पाणी देत होती आणि सांगत होती, हात आमच्या हरीकडं हाये, तो भायेर गेला. माणसं तरीही बसून राहतात. मी दारावर मोठा कागद चिकटवला: 'माळ बंद आहे, दवाखान्यात जा.' संध्याकाळी बघते तर कागद नाही. बाबांनी काढून नीट घडी करून पाटाखाली ठेवला होता. फाडला नाही. फाडला असता तर भांडता तरी आलं असतं.

त्या घडीवरून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग डोळ्यांकडे. हरी, बाबांचे डोळे पिवळे आहेत. हळदीसारखे. धोतर कमरेला ढिलं झालंय. अंगाला खाज सुटते म्हणून काकू खोबरेल लावत होती, आणि दोघांपैकी एकानंही मला कळवलं नव्हतं. साखर तपासायची म्हणून मी रक्त घेतलं. नळीत रक्तावर जमलेलं पाणी गर्द पिवळं दिसलं तेव्हाच कळलं, यंत्र लावायची गरज नव्हती. आमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी विचारलं, पोटात दुखतं का? मी म्हटलं, अजिबात नाही. ते म्हणाले, या वयात न दुखता कावीळ होते ते चांगलं नाही, लगेच सोनोग्राफी करा.

त्यांच्याशी बोलायला पाटी लागते, हे तू विसरला नसशील. मी लिहिलं: 'दवाखान्यात चला.' त्यांनी वाचलं, बाहीनं पुसलं आणि पाटी पालथी ठेवली. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. मग म्हणाले, "हरी येईल. तो बांधंल." स्वतःची माळ स्वतःला बांधता येत नाही, आणि आता तर हातही तुझा.

तुला आठवतं का, तू लहान होतास, मी शाळेत होते. मी बाबांनी बांधलेली एक माळ गुपचूप देवळीतल्या खिळ्याला अडकवली होती. काविळीच्या माणसाच्या डोक्यावर ती बांगडीएवढी बसते आणि कावीळ उतरेल तशी लांबत खाली येते म्हणतात; खिळ्यावरची माळही आठवड्यात तशीच खाली लोंबायला लागली. काड्या वाळतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात, दोरा लांबतो. एवढंच आहे ते. मी धावत जाऊन बाबांना दाखवलं. तेव्हा त्यांना ऐकू यायचं. ते म्हणाले, "खिळ्यालेबी झाली असंल कावीळ." सगळे हसले. मी हसले नाही. त्या दिवसापासून मी या घरात थोडी वेगळीच राहिले.

त्यांनी आयुष्यभर कुणाचा पैसा घेतला नाही, हे मला माहीत आहे. मी मोठी झाले त्याच अंगणात. पण जी माणसं आमच्या लॅबमध्ये उशिरा येतात, ती आधी कुठल्या अंगणात बसून आलेली असतात, हेही मलाच माहीत आहे.

म्हणून माझं एक काम कर. येऊ नकोस. तू येशील ही आशा आहे तोवर ते उठणार नाहीत. त्यांना पत्र लिही. एकच ओळ: मला येता येत नाही, तुम्ही ताईबरोबर दवाखान्यात जा. बाकी काही लिहू नकोस. तुला ओळीवर थांबता येत नाही, मला ठाऊक आहे, पण या वेळी थांब.

ताई


रावेर,
३ फेब्रुवारी

तीर्थरूप मोठेबाबा यांस हरिओमचा साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत ठीक नाही असं ताईच्या पत्रातून समजलं. माही चांगली हाये. अठी चोहीकडं केळी. गाड्यावर गाड्या भरून जातात. मले वाटे पिवळी केळी भरत असतील, तं नाही, पार हिरवीगार चढवतात. एका डायवरले इचारलं तं म्हणे, पिकायचं काम रस्ता करते. अठून हिरवी चढते अन् दिल्लीले पिवळी उतरते. तुमाले हे आवडलं असतं म्हणून लिहिलं.

पाळण्यावर एक म्हातारा रोज येते. तिकीट काढते, बसते, वर गेला की डोळे मिटते. मी इचारलं, काऊन जी, पैसे देऊन डोळे मिटता? तं म्हणे, भ्या वाटते. मंग बसता कायले? म्हणे, बसल्यावरच वाटते ना.

आता मुद्द्यावर येतो. ताईनं मले एकच ओळ लिहायले सांगतली हाये. ती अशी: मले येता येत नाही, तुमी ताईसंगं दवाखान्यात जा.

लिहिली. पण मोठेबाबा, ओळ लिहून पेन खाली ठेवला तं बरं वाटलं नाही. तुमी मले असं कधी तोडून बोलले नाहीत. माहा बाप गेला त्या साली तुमी मले खांद्यावर घेऊन नांदुऱ्याले रेल्वे दाखवाले नेलं होतं, फक्त पाहाले, बसायले पैसे नव्हते. मले वाटते तवापासूनच मले हा फिरायचा रोग. असो. तुमी ताईचं ऐका. अन् अठची जत्रा आटपली, पाळणा उतरला, की मी येतोच.

तुमचा,
हरी


धाड,
११ फेब्रुवारी

चिरंजीव हरिओम यास उकंडराव यांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. केळीचं वाचून बरं वाटलं. ती एक ओळ तुही नाही, प्रतीक्षाची हाये, हे तूच लिहिलं. शेवटची ओळ तुही हाये, मी येतोच. ती मी धरली.

प्रतीक्षा दर रविवारी येते. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिते, जसा मी बहिरा नाही, आंधळाच हाये. तिचं खोटं नाही. तिच्या नळ्यात जे दिसते ते तिनं पाह्यलं हाये. मी अंगणात जे पाह्यलं ते पाह्यलं. त्या वक्ताले बुलढाण्याले जायाले गाडी नव्हती, गाडी होती तं हाती पैसा नव्हता, पैसा होता तं तिथं कोणी दारात उभं करत नव्हतं. माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसे. त्याले कोणी हाकललं नाही. तेल, तिखट, दारू बंद केली अन् माळ खाली उतरेपर्यंत घरी निजवला, एवढंच आमचं घराणं. लय उठून उभे राह्यले. काही नाही राह्यले.

जानरावची पंचफुला नाही राह्यली. तुमी लहान होते. तिच्या डोक्यावर माहीच माळ होती. जानरावनं मले तवा एक शब्द म्हणला नाही, आजपर्यंत म्हणला नाही. मी बहिरा झाल्यापासून तो रोज दुपारी येऊन ओट्यावर बसते. त्याले बोलायचं नसते, मले ऐकू येत नाही, दोघांचं जमते. आता तूच सांग. तो ओट्यावर बसला हाये अन् मी त्याच्या समोरून गाडीत बसून मोठ्या दवाखान्यात जाऊ? जी वाट त्याच्या बायकोले दाखवली नाही, ती मले कशी लागू होईल?

हे प्रतीक्षाले सांगू नको. ती जानरावशी बोलायले जाईल.

तुले फिरायचं तं फीर. यायले जमत नसंल तं तिथूनच बांधून पाठव. हात तुहा लागते, जागा कोणती बी चालते. काडी तुले दाखवली हाये. हिरवी पाहून घेजो.

उकंडराव


बऱ्हाणपूर,
२२ फेब्रुवारी

ताई,

तू आता माह्यावर खूश होशील. काम फत्ते.

मोठेबाबानं मले पत्र लिहिलं. काय लिहिलं ते सांगू नको म्हणले, तं सांगत नाही. पण ते दवाखान्यात काऊन येत नाहीत त्याले कारण हाये, हट्ट नाही, एवढं समज. अन् ते म्हणले, तिथूनच माळ बांधून पाठव.

मी दोन रात्री इचार केला. माळ पाठवतो तं तू चिडशील. नाही पाठवत तं ते उठणार नाहीत. मंग डोक्यात आलं, दोन्ही करू! तापीच्या काठानं काडी शोधाले गेलो. वाटंत कुस्त्या लागल्या होत्या, तिथं जरा थांबलो, एक पैलवान तं पडल्या पडल्या हसत होता, असा मी पाह्यला नाही कधी. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, काडी सापडली, हिरवीगार. आंघोळ करून, उपाशी, मोठेबाबानं शिकवली तशीच बांधली. एक गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली ताई. पाळण्याचा नट मी एकदाच कसतो.

अन् आता हुशारी पाहा. संगं चिठ्ठी टाकली: 'ही माळ डोक्यावर ठेवून ताईसंगं दवाखान्यात जायचं. तिथं गेल्यावरच लागू होते. हात माहा हाये म्हणून नियम बी माहा.' आता बोल! त्यायले मोडता येणार नाही. तुहं काम झालं, त्यायचं बी झालं.

स्पीड पोस्टाच्या खिडकीले ही लंबी रांग होती. म्हणून साध्या पोस्टानं टाकलं. पाकीट जरा फुगलं होतं, तिथला माणूस दाबून दाबून पाहे. मी म्हणलो, दाबू नका भाऊ, औषध हाये.

चार-आठ दिवसांत भेटंल. भेटलं की कळव. पाळणा आता खंडव्याकडं चालला, पत्र तिथं टाक. मी मोठेबाबाले येतो म्हणलो होतो, पण आता माळच गेली म्हणजे मीच गेल्यासारखं.

तुहा,
हरी


छत्रपती संभाजीनगर,
१९ मार्च

हरी,

तुझ्यावर खूप चिडायचं ठरवून बसले होते. आता अंगात तेवढा जोर नाही.

तुझं पत्र मला वेळेवर मिळालं. पाकीट नाही मिळालं. बाबांना तू माळेचं कळवलं होतंस का माहीत नाही, पण ते रोज ओट्यावर बसून ज्ञानेश्वर पोस्टमनच्या सायकलीची वाट पाहायचे. ज्ञानेश्वरला शेवटी आमच्या गल्लीतून जायचं नकोसं झालं. मागच्या बोळातून जायचा. मी पाटीवर लिहायचे: 'माळ येईल तेव्हा येईल, आपण तोवर तपासणी करून येऊ.' ते पुसायचे. मी म्हटलं, मीच एक माळ बांधते आणि हरीची म्हणून देते. काकूनं माझा हात धरला. "असं नको वं माय करू, त्यायले कळंल." आणि मलाही ते जमलं नाही. मी त्या माळेला काडीचीही किंमत देत नाही, तरी खोटी बांधता आली नाही. हे काय आहे ते तूच सांग.

होळी होऊन गेली, मग पाकीट आलं. कुठे कुठे फिरून आलं होतं, तीन ठिकाणचे शिक्के. मी, काकू, जानरावकाका, सगळे ओट्यावर. बाबांनी उघडलं. तुझी चिठ्ठी वाचली. मग माळ बाहेर काढली, आणि ती निघतच राहिली. हरी, ती पाकिटातच पूर्ण वाळली होती. दोरा सगळा सुटलेला. डोक्यावर बसायची माळ हातात धरली तर जमिनीला टेकत होती.

मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. मी खिळ्याची गोष्ट इतकी वर्षं मनात धरून होते, पण त्या क्षणी मला वाटलं, ती माळ त्यांनी पाहायला नको होती.

बाबांनी माळेकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी. म्हणाले, "पोस्टानं चांगली वाळवली."  मग त्यांनी ती डोक्यावरून घातली. ती सरळ पोटापर्यंत आली. तिच्यावर हात ठेवून ते काकूला म्हणाले, "उतरली. आता कुठं नेता ते न्या."

मी पाटी घेतली. लिहिलं: 'तुम्हाला आधीपासून माहीत होतं?' त्यांनी वाचलं आणि पुसलं.

जीप बोलावली. बाबा पायरीवर थांबले, जानरावकाकांकडे पाहून. जानरावकाका उठले, बाबांची पिशवी उचलली आणि जीपमध्ये ठेवली. मग स्वतःही पुढे जाऊन बसले. बुलढाण्यापर्यंत आले. तुला कुठलं कारण सांगितलं होतं ते मला त्या पिशवीवरून कळलं, पंचफुलाकाकू आठवल्या. आधी कळलं असतं तर मी काकांकडे गेले असते. पण तू वचन पाळलंस. तूही या घरातलाच.

बुलढाण्याहून इथे पाठवलं. गाठ आहे. पित्ताची वाट तिनं दाबली आहे. आत नळी टाकली, डोळ्यांचा पिवळेपणा उतरतोय. गाठ काढता येण्यासारखी राहिलेली नाही. मी डॉक्टरांना विचारलं, जानेवारीत आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मला 'हो' चाललं असतं, 'नाही' चाललं असतं. हे उत्तर घेऊन मी कुठे जाऊ?

शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक बाबांच्या गळ्यातली माळ पाहून विचारतात, कुठे मिळते. मी सांगते, पोस्टात.

तू इकडे आधी ये, एकदा भेट. मग धाडला जा. काकू एकटी आहे आणि रविवारची माणसं थांबलेली नाहीत. बाबांनी कागद मागितला, खाली चार शब्द लिहिलेत. ते तुला.

ताई

*चि. हरी, दार लावू नको. माळ बांधू नको. बाकी तुले कळंल तसं कर. उकंडराव.*


धाड,
४ मे, रविवार

ताई,

मोठेबाबाचं तेरावं आटपून तू बुलढाण्याले परत कामावर गेली, घर रिकामं वाटून राह्यलं. माय सुपात गहू घेऊन बसते अन् निवडतच नाही. मोठेबाबाची पाटी मी देवळीत ठेवली, तुह्या त्या खिळ्याच्या खाली.

तुले सांगायचं राह्यलं. दवाखान्यात तू चहा आणाले खाली गेली होती तवा मी पाटीवर लिहिलं: 'मोठेबाबा, मी आलो.' त्यायनं वाचलं. मी वाट पाह्यली बाही कधी फिरते म्हणून. त्यायनं पुसलं नाही. पाटी तशीच छातीवर ठेवून निजले. मी ते अजून पुसलं नाही, पण खडूच तो, आपोआप उडून राह्यला.

प्रेमानंद शेठचा निरोप आला, पाळणा मेहकरकडं येते, ये म्हणे. मी बॅग भरली होती. खरं सांगतो. मंग आज रविवार निघाला.

सकाळी पाहतो तं अंगणात माणसं. मले वाटलं, सांत्वनाले आले असतील. नाही ताई. माळीसाठी आले. मी म्हणलो, अहो, ज्यायच्या घरची माळ तेच काविळीनं गेले, तुमी पाह्यलं नाही का? तं एक बाई, कोकिळा नाव तिचं, घाटाखालून नवऱ्याले घेऊन आली हाये, ती म्हणते, "म्हणून तं आलो जी. बाबानं सगळ्यायची पिवळी आपल्या अंगावर ओढून घेतली. भरली तवा गेले. असा माणूस व्हते का आता?" सगळे माना हलवून राह्यले.   तुह्या डॉक्टरजवळ याले उत्तर हाये काय?

मी दार लावलं नाही. त्यायनं सांगतलं तसं. माळ बांधली नाही. ते बी त्यायनंच सांगतलं. पण दोन्हीच्या मधात उभं कसं राहायचं हे कोणी सांगतलं नाही. 'बाकी तुले कळंल तसं.' मले काईच कळत नाही ताई. मी दुसरी पाटी आणली, तिच्यावर लिहिलं, 'बुलढाण्याले दवाखान्यात जा, जीप दहाले येते', अन् दारावर टांगली. कोकिळाबाईले वाचता येत नाही. तिनं इचारलं, काय लिहिलं? मी वाचून दाखवलं. ती म्हणे, "जाऊ ना. माळ बांधा, मंग जाऊ."

मी म्हणलो, बाई, माळीत काई नाही. काड्या वाळतात म्हणून ती वाढते. ती हसली. मले म्हणे, "बाबा बी असंच म्हणत, माह्यात काई नाही म्हणून."

जीप आली. हॉर्न वाजवला. जानरावकाका उठून जीपीपाशी गेले, दार उघडून धरलं. तसेच उभे राह्यले. दोघं-तिघं उठून बसले जीपीत, कोणत्या इचारानं बसले देव जाणे. कोकिळाबाईचा नवरा बी अर्धा उठला होता. तिनं त्याले बाहीले धरून खाली बसवलं अन् मले म्हणाली, "तुमी कायले भेता भाऊ? तुमचं आंग अजून कोरं हाये. लय वर्षं पुरंल."

जीप गेली. जानरावकाका परत येऊन ओट्यावर बसले.

त्या माणसाचे डोळे मी पाह्यले ताई. तू सांगत होती तशे, हळदीसारखे. पोट दुखते का इचारलं, तं नाही म्हणते. अजिबात नाही.

पुढची जीप दुपारून हाये. तिच्यात मी या दोघायले घालून तुह्याकडं आणतो, हात धरून आणतो, तिनं बाही सोडली तं. नाही सोडली तं हे पत्र जीपवाल्याजवळ देतो, काय करू ते लगेच त्याच्याच हाती लिहून पाठव. फोन माह्याजवळ नाही, अन् गेल्या वेळेले तुही एक ओळ मी वाया घालवली, आता घालणार नाही.

मी हे ओट्यावर बसून लिहून राह्यलो. सगळे माह्या पेनाकडं पाहून राह्यले. त्यायले वाटून राह्यलं, हे बी औषधातलंच हाये.

हरी